चारशे बारा ओळी कुणाच्या

धोंडाबाईंचा फोन आला तेव्हा सकाळचे सहा वाजून गेले होते आणि विशाखा नांदेडच्या आपल्या भाड्याच्या खोलीत चहा गाळत होती.

"विशाखाताई, तुमचा डबा आज उठलाच न्हाई," धोंडाबाई म्हणाल्या. "साडेपाचला पाणी सुटाया पायजे. जाऊन बघते तर लाल दिवा लागून राहिला. नळ्या कोरड्या ठाक."

"मावशी, आधी हातानं कॉक उघडून पाणी द्या. मी निघालेच."

"कॉक कवाच उघडला. तुमची वाट बघत बसले असते तर केळीनं माना टाकल्या असत्या. तुम्ही या अन् त्या डब्याला काय झालंय ते बघा."

चहा तसाच झाकून विशाखानं लॅपटॉप पिशवीत टाकला आणि अर्धापूरची गाडी धरली. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. अशा उन्हात केळीला एक दिवस पाणी चुकलं तर घड पोसत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचे वडील भीमा लोह्याला पाणीपुरवठ्याच्या पंपावर तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. पाणी वेळेवर सुटलं नाही की माणसं दारात कशी येऊन उभी राहतात, ते ती परकर-पोलक्यातली असल्यापासून बघत आली होती.

धोंडाबाई ज्याला डबा म्हणत, ते ठिबकच्या पाण्याची वेळ सांभाळणारं यंत्र. लातूरची 'ओलावा' नावाची छोटी कंपनी ते बनवायची. कंपनीत माणसं सहा. मालकीण सुकन्या मॅडम, विद्युत अभियंता, पन्नाशीच्या, बोलायला तुटक पण हाताखालच्यांना शिकवणाऱ्या. लातूरच्या ऑफिसात पाच जण बसत आणि सहावी विशाखा नांदेडहून काम करी, कारण बहुतेक डबे अर्धापूरच्या केळीच्या बागांत होते आणि काही बिघडलं तर धावून जाणारं माणूस जवळ हवं होतं. डब्याच्या पोटात तळहाताएवढा संगणक. तो चालवणारा प्रोग्राम विशाखानं लिहिलेला. कोणत्या बागेला किती वाजता किती पाणी, हे ठरवून लिहायचं काम लातूरच्या अमरेशचं. दोघांनी लिहिलेलं सगळं एकाच जागी साठायचं, गिटमध्ये. घराण्याची वंशावळ तोंडपाठ असणाऱ्या हेळव्यासारखं हे गिट असतं. कोणती ओळ कुणी, कधी लिहिली, कधी बदलली, ते कधीच विसरत नाही. रात्री प्रत्येक डबा तिथून नवं काही आलं असेल तर आपलं आपण उतरवून घेई.

पंपघराच्या पायरीवर बसून विशाखानं डब्याला वायर जोडली. धोंडाबाई पदर खोचून शेजारी उभ्या राहिल्या. पडद्यावर डब्याची तक्रार दिसली: सकाळी उठताना जी फाइल चालवायची, तिच्या पहिल्याच ओळीत सांगितलेला प्रोग्राम सापडत नाही. विशाखानं बघितलं, तर तो प्रोग्राम जागच्या जागी होता. गेली दोन वर्षं तिथंच होता.

दुसरं कुणी असतं तर डबा उचलून लातूरला पाठवला असता. विशाखाची रीत वेगळी होती. यंत्र अशक्य काही सांगत असेल तर यंत्र बरोबर धरायचं आणि आपल्या डोळ्यांवर शंका घ्यायची. डोळ्यांना दिसत नाही ते दाखव, असं तिनं संगणकाला सांगितलं. मग दिसलं. फाइलच्या प्रत्येक ओळीच्या शेपटीला एक जादा खूण चिकटली होती. पहिल्या ओळीला, दुसऱ्या ओळीला, अगदी चारशे बाराव्या ओळीलाही.

"घावलं का?" धोंडाबाईंनी विचारलं.

"घावलं, मावशी."

"काय हाय?"

विशाखानं जरा विचार केला. "तुम्ही टायपिंगची मशीन बघितली का कधी? कचेरीबाहेर असायची."

"बघितली की. खडाखडा वाजायची."

"एक ओळ संपली की तो माणूस दोन कामं करायचा. दांडा ढकलून गाडा मागं आणायचा आणि कागद एक घर वर सरकवायचा. संगणक आले, पण ती दोन कामं काहींनी तशीच ठेवली. ओळ संपली की दोन खुणा. काहींनी म्हटलं, गाडाच नाही तर मागं काय आणायचं; एक खूण बास. आपला डबा एका खुणेवाला आहे. त्याला कुणीतरी दोन खुणांची फाइल दिली. त्यानं दुसरी खूण नावाचाच भाग समजून वाचली, आणि त्या नावाचं त्याला कुणी सापडेना."

"म्हंजे एखाद्याच्या आडनावाला काना जास्त लागला, अन् पोस्टमन पत्र घेऊन माघारी गेला," धोंडाबाई म्हणाल्या.

"हाव. तसंच."

एका हुकमात तिनं जादा खुणा काढल्या. डबा पुन्हा सुरू केला, लाल दिवा हिरवा झाला आणि बागेत, हातानं पाणी दिलेली पहिली रांग सोडून, दुसऱ्या रांगेपासून नळ्या फुरफुरायला लागल्या. तिथंच पायरीवर बसून, ज्या बाकीच्या सतरा डब्यांनी रात्री तीच फाइल घेतली होती त्यांच्याशी तिनं एकेक करून जोडणी केली आणि त्यांनाही उठवलं. हे सगळं व्हायला साडेनऊ वाजले. धोंडाबाईंनी भाकरी आणि ठेचा पुढं ठेवला.

"उद्या परत असंच व्हईल का?"

"न्हाई होणार," विशाखा म्हणाली.

दहा वाजता लातूरहून सुकन्या मॅडमचा कॉल आला. विशाखा केळीच्या सावलीत फोन घेऊन उभी राहिली. पडद्यावर मॅडमचा चेहरा, आणि त्यांच्यामागं खुर्चीवर ताठ बसलेला अमरेश. अमरेश उदगीरचा, तिशीचा, घरी वडिलांचं लोखंडी सामानाचं दुकान. नेटका माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे रोज सरळ रेषेत ओढलेले आणि टेबलावरचा कागदही तसाच सरळ. त्याचं आणि विशाखाचं बोलणं कामापुरतं चाले, आणि फेब्रुवारीपासून तेवढंही नीट चालत नव्हतं.

ऑफिसातले सगळे ज्या एडिटरात, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या साधनात, लिहितात, त्यात एक सोय असते. कोणत्याही ओळीवर बोट ठेवलं की ती शेवटी कुणी बदलली त्याचं नाव समासात येतं. तिचं इंग्रजी नावच ब्लेम, म्हणजे दोष. सुकन्या मॅडमनी तीच उघडली होती.

"अमरेश, काल दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी. वरपासून खालपर्यंत अमरेश," त्या म्हणाल्या. "चारशे बारा ओळी. डबा उठवणारी फाइल विशाखाची आहे. तुम्ही तिच्यात हात का घातला?"

"मी दोनच ओळी बदलल्या, मॅडम," अमरेश म्हणाला. "वीज आल्यावर पंप किती वेळ थांबून सुरू करायचा, त्या. तुम्हीच सांगितलं होतं, उन्हाळ्यात दाब कमी-जास्त होतो म्हणून वेळ वाढवा. बाकी एका अक्षराला मी शिवलो न्हाई."

"माझ्यासमोर पडद्यावर आहे ते मी बघून राहिले."

"पडद्यावर काय बी असेल."

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. मॅडमनी चष्मा काढला. आजपासून अमरेशनं लिहिलेलं काहीही थेट डब्यांपर्यंत जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आधी विशाखा तपासेल, मगच पुढं. अमरेशनं मान खाली घातली आणि समोरची पेन्सिल वहीला समांतर लावली.

खरं सांगायचं तर विशाखाला तेव्हा बरं वाटलं. फेब्रुवारीत बागांच्या वेळापत्रकाची फाइल, जी अमरेशनं दीड वर्ष खपून लिहिली होती, ती अशीच एका सकाळी वरपासून खालपर्यंत विशाखाच्या नावावर दिसली होती. तिनं त्या फाइलीत एका बागेचं नाव तेवढं दुरुस्त केलं होतं. अमरेशनं ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं, "नांदेडच्या मॅडमनी माझं काम आपल्या नावावर करून घेतलेलं दिसतं. अभिनंदन." कुणी उत्तर दिलं नाही, पण सगळ्यांनी वाचलं. विशाखानंही उत्तर दिलं नव्हतं. आता तोच फासा उलटा पडला होता आणि तिला एक शब्दही बोलायची गरज नव्हती.

पण बरं वाटणं फार टिकलं नाही. तिच्या डोक्यात हिशेब जुळेना.

"मॅडम, एक मिनिट," ती म्हणाली. "चारशे बारा ओळी जर यांनी परत लिहिल्या असत्या, तर शब्द तेच कसे राहिले? मी आत्ता सगळी फाइल बघितली. त्या दोन ओळी सोडल्या तर शब्द माझेच आहेत, मात्रेचा फरक नाही. बदललं फक्त ओळीचं शेपूट. ते दिसतसुद्धा नाही. जे दिसत नाही ते माणूस हातानं चारशे बारा वेळा कसं लिहील?"

"मग कुणी लिहिलं?"

"ते मला माहीत नाही. पण ते यांनी लिहिलेलं नाही, हे मला माहीत आहे. मला लातूरला येऊ द्या. यांच्या मशीनवर बसून शोधते. दोन दिवस द्या."

अमरेशनं मान वर केली. मॅडमनी चष्मा परत लावला. "या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लातूर गाडीनं ती निघाली. लोह्याच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते. भीमा तिथं येऊन उभे होते. खिडकीतून त्यांनी पोळीभाजीची पिशवी आत दिली. लेकीनं काल फोनवर सगळं सांगितलं होतं.

"ज्यानं तुझ्याबद्दल चारचौघांत तसं लिहिलं, त्याच्यासाठी एवढ्या उन्हाचं चाललीस?"

"त्याच्यासाठी न्हाई, बाबा. फाइल खोटं बोलून राहिली. आज त्याच्याबद्दल बोलली, परवा माझ्याबद्दल बोलली होती. उद्या कुणाबद्दल बोलेल काय माहीत."

"मग जा," भीमा म्हणाले. "पंप बिघडला की आम्ही बी आधी पंप खोलायचो. ऑपरेटरला शिव्या नंतर."

लातूरचं ऑफिस औसा रोडला, एका बी-बियाण्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर. अमरेशनं तिच्यासाठी खुर्ची आधीच पुसून ठेवली होती. पाणी दिलं. खुर्ची मागं ओढून विशाखा म्हणाली, "परवा दुपारी जे केलंत ते जसंच्या तसं करा. मी मागं बसून बघते. काही समजावून सांगू नका. नुसतं करा."

त्यानं एडिटर उघडला. बदलाआधीची जुनी फाइल उघडली. तीसच्या जागी पंचेचाळीस केले, खालच्या ओळीतही तसंच. मग मध्ये कुठंतरी स्वतःसाठी म्हणून एक टिपण लिहिलं, चाचणीचं. नंतर त्यानं त्या दोन ओळी तेवढ्या निवडल्या आणि समासातल्या छोट्या '+' खुणेवर टिचकी मारली.

"थांबा," विशाखा म्हणाली. "हे काय केलंत?"

"ह्या दोनच ओळी पाठवायच्या म्हणून. टिपण माझ्यापुरतं आहे, ते कशाला जायला पाहिजे? मी नेहमी असंच करतो. निवडून."

"नेहमी?"

"हाव. पूर्ण फाइल ढकलून देणं मला आवडत न्हाई."

विशाखा स्वतः कधी त्या खुणेकडे गेली नव्हती. ती काळ्या खिडकीत हुकूम लिहायची आणि पूर्ण फाइल एका दमात द्यायची. तिनं अमरेशच्याच मशीनवर तोच बदल आपल्या पद्धतीनं करून बघितला. गिट म्हणालं, दोन ओळी बदलल्या. मग अमरेशच्या पद्धतीनं. गिट म्हणालं, चारशे बारा. परत तिच्या पद्धतीनं, दोन. परत त्याच्या, चारशे बारा. पाच वेळा केलं आणि पाचही वेळा तेच आलं.

अमरेश खुर्चीत मागं टेकला. म्हणाला, "म्हणजे मी जितकं जपून करत होतो, तितकं..."

"तुम्ही दोनच ओळी बदलल्या. आता ते सिद्ध झालं," विशाखा म्हणाली. "आणि फेब्रुवारीचंही कळलं. तुमच्या त्या '+' खुणेमुळं वेळापत्रकाच्या फाइलीत जादा शेपट्या आधीच आल्या होत्या. वेळापत्रक डबा कसंही वाचून घेतो, म्हणून पाणी बंद पडलं नाही. मी फाइल उघडून साठवली, माझ्या एडिटरनं शेपट्या साफ केल्या, आणि सगळ्या ओळी माझ्या नावावर आल्या. मला पत्ताच नव्हता."

अमरेशनं भिंतीकडं बघितलं. "मी ते ग्रुपवर लिहायला नको होतं."

"हाव. नको होतं," ती म्हणाली आणि खुर्ची त्याच्या टेबलाजवळ ओढली. "चला, आता त्या खुणेच्या पोटात काय आहे ते बघू."

तो एडिटर कुणा एका कंपनीच्या तिजोरीत बंद नव्हता. जगभरची माणसं हौसेनं तो लिहीत, त्याचा सगळा मजकूर उघड्यावर होता, वाचणाऱ्यानं वाचावा. पण वाचणार किती? हजारो फायली. पहिल्या दिवशीचे चार तास त्यांचे नुसते रस्ता शोधण्यात गेले. विशाखाला मजकूर भराभर वाचता येई. अमरेशला कोणती टिचकी मारली की पडद्यावर काय हलतं ते तोंडपाठ होतं. तो टिचकी मारी, ती माग काढी. संध्याकाळपर्यंत ते योग्य गल्लीत आले होते. मुक्कामाला ती सुकन्या मॅडमच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला सापडलं.

पूर्ण फाइल पाठवायची असेल तर एडिटर गिटला फाइलीचं नाव सांगायचा. नाव कळलं की गिट आपल्या नियमांत बघायचं: दोन खुणांच्या विंडोजवर लिहिलेली फाइल आहे, शेवटच्या दोन खुणांची एक करून ठेवा. पण निवडक ओळी पाठवायच्या असल्या, तर एडिटर नवा मजकूर स्वतःच जुळवायचा आणि नुसता मजकूर गिटच्या हातात द्यायचा. नाव सांगायचाच नाही. नावच नाही तर नियम कोणता लावायचा? गिट मजकूर आला तसा, दोन-दोन शेपट्यांसकट, ठेवून द्यायचं.

"एसटीत पार्सल टाकलं आणि वर पत्ताच न्हाई लिहिला," अमरेश म्हणाला.

"आणि कंडक्टरनं बिचाऱ्यानं ते जपून ठेवलं," विशाखा म्हणाली. पहिल्यांदाच दोघं एकदम हसले.

दुरुस्ती एका ओळीची होती: मजकुरासोबत नावही द्या. विशाखानं ती केली, एडिटर नव्यानं बांधला, अमरेशनं दोन ओळी निवडून टिचकी मारली. गिट म्हणालं, दोन ओळी. विशाखानं टेबलावर हात आपटला. पण अमरेश अजून पडद्याकडंच बघत होता.

"झालं न्हाई," तो म्हणाला. "हे बघा. गिटमध्ये बरोबर गेलं, पण डावीकडच्या यादीत फाइल अजून लालच दिसून राहिली. अजून म्हणतोय, चारशे बारा ओळी बदललेल्या आहेत."

विशाखानं बघितलं. त्याचं खरं होतं. एडिटर आपल्या खिडकीतला मजकूर गिटमधल्या मजकुराशी अक्षराला अक्षर लावून बघत होता. खिडकीत दोन शेपट्या, गिटमध्ये एक. त्याला प्रत्येक ओळ वेगळी वाटत होती. ही दुसरी चूक पहिलीच्या आड दडलेली होती, आणि विशाखा एकटी असती तर ती तिच्या नजरेतून सुटली असती, कारण डावीकडची यादी ती कधी बघतच नसे. ती जागा अमरेशनं शोधली. दुरुस्ती लिहायला त्याला तासभर लागला, नऊ ओळी झाल्या. विशाखानं एका शब्दाखेरीज काही बदललं नाही.

संध्याकाळी त्यांनी ते सगळं एडिटरच्या सांभाळणाऱ्यांकडे पाठवून दिलं. खाली दोघांची नावं.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. परदेशातल्या कुणा सांभाळणाऱ्यानं दोन वाक्यांत लिहिलं होतं: ही तुमच्या मशीनवरच्या सेटिंगची अडचण दिसते, एडिटरची नव्हे. विषय बंद करत आहे.

अमरेशचा चेहरा उतरला. "जाऊ द्या. आपल्यासारख्यांचं कोण ऐकतंय. आपल्यापुरतं आपण दुरुस्त केलंय ना."

"आपल्यापुरतं केलं तर पुढच्या महिन्यात नवीन एडिटर येईल आणि आपली दुरुस्ती पुसली जाईल," विशाखा म्हणाली. "आणि त्यानं नाही म्हटलंय ते आपल्याला नाही. त्याला दिसलं नाही, एवढंच. त्या दिवशी मॅडमना तरी कुठं दिसलं होतं?"

तिनं ऑफिसमधला कोपऱ्यात पडलेला एक जुना संगणक पुसून कोरा केला. त्यावर नवाकोरा विंडोज, नवाकोरा एडिटर, एकाही सेटिंगला हात नाही. तीन ओळींची एक फाइल केली. त्यातली एक ओळ बदलली, तेवढीच निवडली, टिचकी मारली. गिटमध्ये तिन्ही बदलल्या. प्रत्येक पायरीला अदृश्य खुणांसकट मजकूर आधी कसा, नंतर कसा, ते तिनं छापून घेतलं. मग ते साध्या इंग्रजीत लिहिलं. अमरेशनं वाचून वर एक ओळ घातली, नम्र विनंती आहे की आपण मोठ्या मनानं पुनर्विचार करावा, अशा अर्थाची. विशाखानं ती खोडली.

"का?"

"विनंती कशाला? तीन ओळींची फाइल आहे. करून बघायला त्याला दोन मिनिटं लागतील. करून बघितलं की तोच म्हणेल."

दोन दिवस काही आलं नाही. विशाखा नांदेडला परतली होती. दरम्यान घरचं काम तिनं उरकून घेतलं. डबा उठवणाऱ्या फायलींना, कुणीही कुठूनही पाठवल्या तरी, एकच शेपूट राहील असा नियम तिनं गिटमध्येच लिहून टाकला. डब्यालाही शिकवलं की रात्री नवी फाइल आली तर आधी तपासून बघ, जादा खूण दिसली तर जुनीच चालव आणि कळव. धोंडाबाईंना दिलेला शब्द तिनं एडिटरच्या भरवशावर सोडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी अमरेशचा फोन आला. "बघितलं का?"

"काय?"

"त्यानं परत उघडलं. लिहिलंय, माझी चूक झाली, मी माझ्या मशीनवर करून बघितलं, तसंच होतंय. म्हणतो, एका फाइलीत दोन्ही प्रकारच्या शेपट्या मिसळल्या असतील तर काय होतं, त्याची चाचणी लिहून द्या."

"मग?"

"मी लिहून राहिलो ना. सकाळपासून."

आठवडाभरात ते स्वीकारलं गेलं. पण त्याच्याही आधी, चाचणी पाठवली त्याच दिवशी, सुकन्या मॅडमनी सगळ्यांना एकत्र कॉलवर घेतलं. विशाखानं गिटला एक यादी दिली होती: या या दिवशी फक्त शेपट्या बदलल्या गेल्या, ते बदल मोजू नका, त्यामागचं खरं नाव सांगा. मॅडमनी पडद्यावर पुन्हा ब्लेम उघडलं. डबा उठवणारी फाइल: चारशे दहा ओळी विशाखाच्या, आणि त्या दिवशीच्या दोन अमरेशच्या. मग त्यांनी वेळापत्रक उघडलं आणि हळूहळू खाली सरकवत गेल्या. अमरेश, अमरेश, अमरेश. दीड वर्षापूर्वीच्या तारखा, गेल्या पावसाळ्यातल्या तारखा. मध्ये एकाच ठिकाणी विशाखा: एका बागेच्या नावातला दुरुस्त केलेला ऱ्हस्व.

अमरेशला आपल्या जुन्या तारखा बघून कसं वाटत होतं ते त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"अमरेश, मी त्या दिवशी घाई केली," मॅडम म्हणाल्या. "जे दिसलं तेवढ्यावर बोलले. तुमचं लिहिलेलं आजपासून पहिल्यासारखं थेट जाईल."

अमरेश नुसती मान हलवेल असं विशाखाला वाटलं होतं. पण तो म्हणाला, "थेट नको, मॅडम. माझं विशाखा बघतील, त्यांचं मी बघतो. एकाला जे दिसत न्हाई ते दुसऱ्याला दिसतं. लिहितानाच बघितलेलं बरं."

मॅडमनी विशाखाकडं पाहिलं. "चालेल?"

"चालेल," विशाखा म्हणाली. "पण यांनी माझ्या फाइलीतली टिपणं सरळ रेषेत लावायला सुरुवात केली तर मी परत लातूरला येईन."

जूनच्या पहिल्या आठवड्यात एडिटरची नवी आवृत्ती आली. सोबतच्या बदलांच्या लांबलचक यादीत, खालून तिसऱ्या ओळीत, निवडक ओळी पाठवताना ओळींची शेपटं बिघडत होती ते आता दुरुस्त झालं, असं लिहिलेलं होतं आणि पुढं दोन नावं होती. विशाखानं ते चित्र भीमांना पाठवलं. त्यांनी विचारलं, ह्यात काय लिहिलंय? तिनं फोन करून अर्थ सांगितला. ते म्हणाले, बरं झालं, आणि पाऊस कधी येईल असं वाटतं, ते विचारलं.

त्या दुपारी अमरेश लातूरहून आणि विशाखा नांदेडहून, दोघं एकाच फाइलीवर काम करत होते. मुखेडच्या कोरडवाहू शिवारात शेततळ्यांवर बारा नवे डबे बसवायचे होते आणि तिथलं वेळापत्रक केळीसारखं रोजचं नव्हतं; तळ्यात पाणी किती उरलं ते बघून ठरायचं होतं. अमरेशनं दोन ओळी निवडल्या आणि टिचकी मारली. विशाखाच्या पडद्यावर त्या आल्या. दोन. तिनं वाचल्या.

"दुसऱ्या ओळीत तळ्याची खोली मीटरमध्ये धरलीत," ती फोनवर म्हणाली. "मुखेडचे शेतकरी फुटात सांगतात."

"अरे हाव," अमरेश म्हणाला. "थांबा, बदलतो."